शेवाळनाईक

शेवाळनाईकांच्या खाकी सदऱ्याच्या खिशात वाळलेले शेवाळ असे. नदीतले किंवा विहिरीच्या पायऱ्यांवरचे नव्हे, समुद्रातले. काळपट हिरवे, कागदासारखे पातळ, चुरगळले की कुरकुर वाजणारे. दुसरा कुणी शेंगदाणे नाहीतर फुटाणे खात बसावा तसे ते आमच्या सोप्यात बसून त्याचे तुकडे तोंडात टाकीत आणि समोरच्या रस्त्याकडे बघत सावकाश चावत. बोलणे फार नाही. एखाद्याने विचारलेच, "नाईक, ह्ये खाऊन काय व्हतंय?" तर चावणे थांबवून म्हणत, "जित्या माणसाला इचारताय नव्हं? मी जित्ता हाय." आणि पुन्हा चावू लागत.

त्यांचे खरे नाव गावात कुणी घेत नसे. पलटणीत नाईकाच्या हुद्द्यापर्यंत चढले होते म्हणून नाईक, आणि हे असले खाणे म्हणून शेवाळनाईक. पोरे पाठीमागून नुसते 'शेवाळ्या' म्हणत. मी त्यांना भावजी म्हणे, कारण ते माझ्या मालकांच्या पलटणीतले. दोघे एकाच दिवशी भरती झाले, एकाच बोटीतून मलायात गेले आणि तिकडे दोघेही जपान्यांच्या कैदेत सापडले. त्यातले एक परत आले. माझे मालक आले नाहीत.

आमचे गाव कऱ्हाडकडून पाटणला जाणाऱ्या रस्त्यावर, कोयनेच्या काठाला. घरात मी आणि माझी सासू, आत्याबाई. लग्नाला वर्ष होते न होते तोच मालक पलटणीत गेले. मग लढाई पूर्वेकडे पेटली, आणि ते बेपत्ता असल्याचे सरकारने कळवले. 'बेपत्ता' या शब्दावर आम्ही दोघींनी कितीतरी वर्षे काढली. लढाई संपल्यावर पाटील एकदा दारात येऊन उभे राहिले आणि खाली मान घालून म्हणाले की सरकारकडून वाईट बातमी आली आहे. आत्याबाईंनी ऐकून घेतले आणि विचारले, "सरकारनं बगितला का माझ्या दत्तूला मरताना? मंग कशावरनं?" माझे कुंकू त्यांनी पुसू दिले नाही.

त्याच थंडीत नाईक आले. नदीपलीकडच्या वाडीतले ते, नावेतून अलीकडे आले आणि आमच्या अंगणात येऊन नुसते उभे राहिले. सदरा अंगात लोंबत होता. गालफडे आत गेलेली. मी ओळखले नाही. आत्याबाईंनी ओळखले.

"माझा दत्तू कुठं हाय?"

"न्हाई, मावशी." एवढेच ते म्हणाले.

आत्याबाई खाली बसल्या. रडल्या नाहीत. मग त्यांनी जे विचारले ते आईच विचारू शकते. "उपाशी गेला काय रं?"

"न्हाई."

"मंग काय खाईत व्हता तिकडं?"

नाईकांनी खिशात हात घातला. तिकडून येताना बोटीतून आणलेली पुरचुंडी होती, ती सोडली आणि त्यातला एक तुकडा त्यांच्यापुढे धरला. "ह्ये. दर्यातलं शेवाळ. शिधा बंद झाला तवा ह्येच व्हतं." आत्याबाईंनी तो तुकडा घेतला, नाकाशी नेला, उलटसुलट करून बघितला आणि तोंडात टाकला. त्यांना दात थोडे. त्या चावत राहिल्या, आणि आम्ही दोघे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"खारट हाय," त्या म्हणाल्या.

"मीठ घालाया लागत न्हाई मावशी. दर्याचंच असतं."

तेव्हा कुठे त्यांना रडू फुटले. माझे कुंकूही त्याच दिवशी गेले. पाटलांच्या बातमीने जे झाले नव्हते ते त्या खारट तुकड्याने झाले.

तेव्हापासून नाईक आमच्याकडे येऊ लागले. त्यांना दुसरीकडे कुठे जाण्यासारखे नव्हते. आईबाप कधीच गेलेले. धाकटा भाऊ शेती बघायचा, पण त्याच्या बायकोने यांचे ताट वेगळे काढले होते. तिचे म्हणणे, जे शेवाळ खाते ते आणखी काय काय खाऊन आले असेल कुणास ठाऊक. ते मळ्यातल्या खोपीत राहत आणि हाताने भाकरी थापून खात. गावातही त्यांना धड जागा नव्हती. चळवळीतल्या पोरांना ते सरकारचे शिपाई वाटत. तिकडे कैदेतून सुटून स्वातंत्र्याच्या फौजेत गेलेली दोघे-तिघे आमच्या भागात परत आली तेव्हा त्यांच्या गळ्यात हार पडले, वाजतगाजत मिरवणूक निघाली. नाईक त्या गर्दीत कडेला उभे होते. कुणीतरी सगळ्यांच्या देखत विचारले, "मंग तुमी का न्हाई गेला तिकडं?" नाईकांचा हात खिशात गेला, चिमूट तोंडात गेली. मला तेव्हा कळले की हा माणूस भूक लागली म्हणून खात नाही. बोलायची वेळ आली की खातो.

पुरचुंडी संपली तेव्हा नाईक कोकणात गेले. कऱ्हाडहून मोटारीने कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि तिथून गुहागरच्या अंगाला. आमच्या गावातले लोक कोकणात जात ते आंबे नाहीतर सुकट आणायला. नाईक गोणीभर शेवाळ घेऊन आले. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवरून स्वतः ओरबाडून काढलेले. खाडीच्या तोंडाचे ते घेत नसत. "तितं गावाची घाण येती. उघड्या दर्याचं घ्यावं," असे सांगत. मग ते धुवायचे, पुन्हा धुवायचे, वाळू आणि बारीक शिंपल्या वेचून काढायच्या, धोतराच्या पानावर सावलीत वाळवायचे. खायच्या वेळी तव्यावर तेलाचे बोट फिरवून परतले की ते हिरवेगार होई आणि पापडासारखे मोडे. मी एकदा खाऊन बघितले. आधी नुसते मीठ, मग सुकटीसारखा वास, आणि सगळे गिळून झाल्यावर जिभेवर किंचित गोडसर काहीतरी. वाईट नव्हते. पण दुसरा तुकडा मी घेतला नाही. तो खाऊ नाईकांचा आणि आत्याबाईंचा होता.

हे खाणे चांगले की वाईट यावर गावात सगळ्यांनाच मत होते. वैद्यबुवा म्हणत, पाण्यात वाढलेली वस्तू थंड, सांधे धरतील. शाळेतले मास्तर म्हणत, जपानी लोक उगीच का काटक आहेत, त्यात जीवनसत्त्वे असणार. देवळातले म्हातारे म्हणत, जनावर जे खात नाही ते माणसाने खाऊ नये. नाईक सगळ्यांचे ऐकून घेत. एकदा मीच विचारले, "भावजी, खरंच चवीला आवडतं का तुमास्नी?" ते म्हणाले, "भुकंला चव नसती, वैनी. चव प्वाट भरल्यावर येती. आता प्वाट भरतंय, तर चव कळाया लागलीया." आणि थोडे हसले. त्यांचे हसणे एवढेच, ओठांच्या कडेला.

आत्याबाईंनी मात्र कुणाचे मत विचारले नाही. पहिल्या दिवसापासून त्या रोज संध्याकाळी नाईकांबरोबर शेवाळ खाऊ लागल्या. हळूहळू संध्याकाळीच नाही, तर सकाळीही. डबा त्यांच्या उशाशी असे. भाकरीबरोबर, आमटीत चुरून, नुसतेच. "माझ्या दत्तूनं खाल्लं त्ये मला का बादंल?" नाईक येत, दोघे शेजारी बसत आणि काही न बोलता चावत. मी जात्याशी नाहीतर चुलीशी असले तरी ती कुरकुर मला ऐकू येई. सांगायचे म्हणजे मला त्या दोघांचा हेवा वाटे. त्यांना एकत्र करायला काहीतरी होते. माझ्या वाट्याला मालकांचे काही आले नव्हते. एका वर्षाचा संसार, त्यातही सासूसमोर नवऱ्याशी बोलायची पद्धत नाही. त्यांचा आवाजसुद्धा मला नीट आठवेनासा झाला होता.

पुढच्या उन्हाळ्यात आत्याबाईंचे काहीतरी बिनसले. त्यांच्या गळ्याला फार वर्षांपासून एक गाठ होती, लिंबाएवढी. आमच्या भागात पुष्कळ बायकांना असे, दुखत नाही म्हणून कुणी बघत नसे. ती गाठ जरा मोठी दिसू लागली. त्यांचे हात कापू लागले, तांब्या धरला की पाणी हिंदकळे. खाणे वाढले आणि अंग मात्र वाळत चालले. उन्हात नसतानाही घाम. छातीवर हात ठेवून म्हणत, "आत पाखरू फडफडतंया बग." वैद्यबुवांचे चाटण झाले, काढे झाले. शेवटी नाईक म्हणाले, "वैनी, सांगलीला दावू." सांगलीच्या पेठेत एक वयस्कर जैन डॉक्टर होते, त्यांच्या हाताला गुण आहे असे आमच्याकडे म्हणत. आम्ही तिघे आगगाडीने गेलो. गाडीतही आत्याबाईंनी डबा मांडीवर घेतला होता.

डॉक्टरांनी नाडी बघितली, गाठ दाबून बघितली, हात पुढे करायला सांगून बोटांचे कापणे बघितले. मग विचारले, "आजी, खाण्यात काही नवीन?" मी नाईकांकडे बघितले. नाईकांनी खिशातून तुकडा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टर हसतील असे मला वाटले होते. ते हसले नाहीत. त्यांनी तुकडा हुंगला, कोपरा मोडून जिभेवर ठेवला.

"रोज किती खातात?"

"मूठ-मूठ," मी म्हणाले. "सकाळ-संध्याकाळ."

"आणि तुम्ही?" त्यांनी नाईकांना विचारले.

"मी बी. कवापासनं खातोय. मला काय सुदिक झालं न्हाई."

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "हे खाणं वाईट नाही हो. स्वच्छ असलं आणि थोडं असलं तर धडधाकट माणसाला उलट चांगलं. यात आयोडीन असतं. गळ्याला गाठ येऊ नये म्हणून तेच लागतं. पण यांची गाठ जुनी आहे. तिला इतकी वर्षं आयोडीन मिळालंच नाही, ती उपाशी होती असं समजा. आता एकदम मूठमूठ मिळायला लागलं, तशी ती पिसाळली. तिच्यामुळं काळीज धावतंय." मग नाईकांच्या सदऱ्याकडे बघून ते म्हणाले, "तुम्ही लढाईवरचे दिसता. फार दिवसांच्या उपाशी माणसाला एकदम पोटभर घातलं की काय होतं, तुम्हाला माहीत असेल."

"मरतो, सायेब," नाईक म्हणाले. "आमची सुटका झाली तवा बगितलंय. मिळालं म्हणून खाल्लं आन् गेली माणसं."

"तर मग यांना हे आजपासून चिमूटभरसुद्धा नको."

औषध घेऊन आम्ही स्टेशनवर आलो. गाडीला वेळ होता. आत्याबाई बाकावर डोळे मिटून पडल्या होत्या. नाईक जरा लांब जाऊन उभे राहिले, खिसा उलटा केला आणि झाडून टाकला. शिवणीत अडकलेला चुरासुद्धा नखाने काढला. मग माझ्याकडे आले आणि म्हणाले, "माज्या हातानं मी मावशीला ईख घातलं, वैनी." मी म्हणाले, "तुमास्नी काय ठावं." पण त्यांनी ऐकल्यासारखे दिसले नाही. त्यानंतर मी त्यांना ते खाताना कधी पाहिले नाही. त्यांना स्वतःला डॉक्टरांनी मना केले नव्हते, तरी त्यांनी सोडले.

आत्याबाईंना सांगायचे कुणी, हा प्रश्न होता. मी सांगते म्हणाले, पण नाईकांनी ऐकले नाही. घरी आल्यावर त्यांनी स्वतः त्यांच्या उशाचा डबा उचलला. आत्याबाई ओरडल्या नाहीत. हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या लेकराचा घास माझ्या तोंडातनं काडून नेतूस व्हय रं?" नाईक डबा हातात घेऊन तसेच उभे राहिले. त्यांचा चेहरा मला बघवला नाही. मग ते उंबरा ओलांडून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आले. आत्याबाईंनी भिंतीकडे तोंड केले. ते सोप्यात बसले आणि गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसेच. त्यांचा हात सवयीने खिशाकडे जाई आणि रिकामा परत येई. असे बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी आत्याबाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "हात रिकामं घिऊन येतूस, तर त्वांड तरी उघड. माझ्या दत्तूचं काय तरी सांग."

आणि नाईक बोलू लागले. जो माणूस दिवसाला चार वाक्ये बोलत नसे तो रोज संध्याकाळी मालकांची एकेक गोष्ट सांगू लागला. दत्ताजीने जपानी पहारेकऱ्याला लेझीम शिकवले. दत्ताजी माडावर चढून शहाळी काढायचा आणि आजाऱ्यांना आधी द्यायचा. दत्ताजीच्या अंगात ताप असताना त्याने दुसऱ्याचे लाकडाचे ओझे उचलले. आत्याबाई ऐकत. त्यांचे हात मांडीवर स्थिर पडलेले असत. औषधाने असेल, शेवाळ सुटल्याने असेल, कापणे कमी झाले होते, झोप लागू लागली होती. मीही चुलीपासून उठून दाराशी येऊन बसे. आता हेवा वाटायचे कारण उरले नव्हते. माझ्याही वाट्याला काहीतरी येत होते.

एका संध्याकाळी नाईकांनी सांगितले की एक कैदी समुद्रात ओढला गेला, तेव्हा दत्ताजीने उडी घेतली आणि लाटा कापत जाऊन त्याला काठाला आणले. मी आत्याबाईंकडे बघितले. माझे मालक नदीकाठचे असून पाण्याला भीत. लहानपणी नदीच्या उतारात पाय घसरून ते वाहून जाता जाता वाचले होते. तेव्हापासून कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेले नाहीत. काठावर बसून तांब्याने अंघोळ करत. लग्न झाल्यावर मला पहिली चेष्टा ऐकू आली ती हीच. आणि आत्याबाई म्हणाल्या, "व्हय बाबा. पवायला लय हुशार माझा दत्तू."

नाईक गेल्यावर मी न राहवून म्हणाले, "आत्याबाई, मालक तर पाण्याला भ्यायचे."

"म्या पोटात वागवलाय त्येला," त्या म्हणाल्या. "म्या वळखत न्हाई व्हय? त्यो माडावर बी चढला नसंल. आन् लेझीम तर त्येला कवाच आलं न्हाई." त्यांनी पदराने तोंड पुसले. "सांगतोय तवर सांगू दे. त्येला बी कुणीतरी ऐकणारं पायजे का नगं? त्या खोपीत कुणासंगं बोलंल त्यो?"

त्यानंतरही आम्ही दोघी ऐकत राहिलो.

त्या दरम्यान गावात वेगळी कुजबूज सुरू झाली होती. मी पाण्याला गेले की घाटावरच्या बायकांचे बोलणे थांबे. तरुण विधवेच्या सोप्यात एक सडा माणूस रोज येऊन बसतो, याला निमित्त म्हातारीचे आहे, म्हातारी गेल्यावर बघू, असे काहीसे. मला ते चुलत जाऊबाईंच्या तोंडून कळले. नाईकांच्या कानावरही गेले असणार, कारण ते सोप्याच्या आतल्या बाजूला बसायचे सोडून पायरीवर, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल असे बसू लागले. त्यांनी मला एकटीला कधी हाक मारली नाही. पाणी हवे असले तरी आत्याबाईंकडे मागत.

आत्याबाईंचे काळीज त्या दुखण्यात कमजोर झाले होते ते पुन्हा पहिल्यासारखे झाले नाही. पुढच्या वर्षी जोंधळा हुरड्याला आला असताना एका दुपारी त्या निजल्या जागीच गेल्या. डॉक्टरांना मी नंतर विचारले होते, शेवाळामुळे का? ते म्हणाले, "वय होतं, गाठ होती. नक्की कोण सांगणार?" चुलत दिराने अग्नी दिला. नाईकांनी तिरडीला खांदा दिला तेव्हा भाऊबंदांपैकी कुणीतरी पुटपुटले, पण त्यांना बाजूला हो म्हणायचे धाडस कुणाला झाले नाही.

आत्याबाईंचे दिवसकार्य झाल्यावर नाईक आले ते अंगणातच उभे राहिले. पायरीवरही बसले नाहीत. खांद्याला पडशी होती.

"वैनी, मी जातो. गुहागरच्या अंगाला. तितं खारव्यांची वळख झालीया. जाळी शिवीन, पडंल त्ये करीन."

"भाऊ काय म्हणतो?"

"त्यो काय म्हणणार? खोप मोकळी व्हईल त्येची."

मी सोप्याच्या खांबाशी उभी होते. रस्त्यावरून माणसे जात-येत होती. मी विचारले, "भावजी, मालकांनी बुडत्याला काढलं, ती गोष्ट खरी का?"

"न्हाई."

"आन् माडाची?"

"न्हाई, वैनी."

"मंग खरं किती?"

"येक सांज," ते म्हणाले.

मग त्यांनी उभ्या उभ्या सांगितले. कैद झाल्यावर दोघांच्या टोळ्या वेगळ्या झाल्या होत्या. नाईकांना बोटीत घालून एका बेटावर नेले. तिथे शिधा बंद झाला. त्यांनी आशा सोडली होती, आपणहून उठत नव्हते. अशात दुसरी एक टोळी त्या बेटावर उतरली आणि लाकडे गोळा करायला सगळ्यांना किनाऱ्यावर नेले तेव्हा ओहोटीच्या खडकांवर मालक दिसले. ओणवे होऊन शेवाळ ओरबाडत होते. पाणी घोट्यापर्यंत, पण तरी एका हाताने खडक घट्ट धरलेला. "मला म्हणाला, ऊठ गड्या, जपानी खात्यात, मंग आपल्याला काय धाड भरलीया? मी खाल्लं, वकलो. त्यानं पुन्ना तोंडात घातलं. पुन्ना वकलो. मंग मला धरून बसला आन् पोटात ऱ्हाईलं तवाच सोडलं. त्या दिवसापासनं मी खाया लागलो. म्हणून आलो."

"आन् मंग?"

"दुसऱ्या दिशी त्यांची टोळी हलवली. कुठं नेली, फुडं काय झालं, मला ठावं न्हाई. मावशीनं इचारलं, उपाशी गेला का. मी न्हाई म्हणलो. मला ठावंच नव्हतं." त्यांनी पडशी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "त्या सांजंला तुमचं बी काडलं व्हतं त्यानं."

"माझं?"

"हसला आन् म्हणाला, घरी गेल्यावर माज्या बायकूला सांगू नगंस. म्हणंल, नवरा गवात खाऊन आला, आता भाकरी कशाला थापू, दावणीलाच बांधते."

मी हसले. एकदम, मोठ्याने, भर अंगणात. आत्याबाईंचे दिवसकार्य होऊन दुसरी सकाळ उजाडली नव्हती आणि मी हसत होते, कारण मी खरेच तसे म्हणाले असते. शब्दन् शब्द. एका वर्षाच्या संसारात, सासूच्या धाकात, चुलीपाशी हळूच जे दोन शब्द बोलायला मिळत तेवढ्यावरून त्या माणसाला माझी जीभ पाठ झाली होती. नाईकही हसले. मग मला रडू आले ते आवरेना, आणि ते मान वळवून रस्त्याकडे बघत माझे रडणे संपेपर्यंत थांबले.

"येवढंच व्हतं माझ्याजवळ त्येचं," ते म्हणाले. "येतो, वैनी."

'जातो' म्हणू नये म्हणून 'येतो' म्हणतात, तसे म्हणाले. आले नाहीत. पुढल्या वर्षी माझ्या सातवीपर्यंतच्या शिक्षणावर मला सांगलीत मुलींच्या शाळेत नोकरी मिळाली आणि माझे गाव सुटले. कोकणातले कुणी भेटले तर मी गुहागरकडची चौकशी करत असे. त्या किनाऱ्यावर जाळी शिवणारी माणसे पुष्कळ.

पण त्या दिवसाचे सांगायचे राहिले. ते गेले आणि चिपळूणला जाणारी मोटार रस्त्यावरून धूळ उडवीत गेल्याचे मला घरातूनच ऐकू आले. घरात पाणी नव्हते. मी घागर घेऊन नदीवर गेले. घाटावर नेहमीच्या बायका धुणे धूत होत्या. त्यातली एक, मनाने वाईट नव्हे, मला बरे वाटावे म्हणूनच म्हणाली, "गेला म्हणं त्यो शेवाळ्या. बरं झालं बाई. तुज्या बी मागची बोलणी मिटली."

मी घागर खाली ठेवली. "कसली बोलणी?"

धुण्याचे हात थांबले होते.

"सांगा की. कसली बोलणी?"

"अगं, लोकं म्हणत्यात..."

"ते आमच्या घरचे व्हते," मी म्हणाले. "आत्याबाईंचं करायचं व्हतं म्हणून ऱ्हायले. ते झालं, म्हणून गेले. आन् त्यांना शेवाळ्या म्हणायचं न्हाई. नाईक म्हणायचं."

एवढे मोठ्याने मी त्या घाटावर कधी बोलले नव्हते. पाण्यात उतरून मी घागर भरली, चुंबळ नीट केली, घागर डोक्यावर घेतली आणि चढ चढू लागले. मागे बराच वेळ धोपटण्याचा आवाज आला नाही.